सव्वातीनचा फोटो

संपादकांचा आग्रह असा, की एक्स-रेच्या खोलीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला लागतं म्हणे. गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. पण कागद पुढ्यात घेतला की मला एकच बाई आठवते, आणि आठवली की या वयातही डोकं फिरतं. तेव्हा एखाददुसरी गंमत सांगतो आणि मग माझ्या मनातलं सांगतो. नाही आवडलं तर छापू नका, मला काही वाटणार नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. कोपरगावकडच्या ऊसपट्ट्यातल्या एका दवाखान्यात मी एक्स-रे तंत्रज्ञ होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही, विचारू नका. तंत्रज्ञ हा शब्दही फक्त नेमणुकीच्या कागदावर होता. बाकी सगळ्या गावासाठी मी फोटोवाला. लोकांना तो फोटो म्हणजे औषध वाटायचं. कोल्हारचा एक म्हातारा दर दोन महिन्यांनी एस.टी.नं यायचा आणि गुडघा पुढं करायचा. ‘मागच्या फोटूनं लई आराम पडला, आजून एक मारा.’ त्याला कितीदा सांगितलं की बाबा, यानं बरं होत नाही, नुसतं दिसतं. तो म्हणायचा, तुमी मारा तर खरं. एका मुकादमाची छाती तपासायची होती, तर गडी फेटा बांधून, मिशांना तेल लावून उभा राहिला. फिल्म हातात दिल्यावर त्यात तोंडच नाही म्हणून माझ्याशी भांडला. झाल्या गमती.

आता कामाचं सांगतो. आज पोट दुखलं की लोक सोनोग्राफीला पळतात, पुढं सीटी स्कॅन. आतलं सगळं कापून मांडल्यासारखं दिसतं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. एक मशीन, तेही तापलं की थांबायचं. एक अंधारी खोली, तीत औषधाच्या टाक्या. फिल्म धुवायची आणि तारेवर वाळत घालायची. पोटाच्या साध्या फोटोत हाडं दिसतात आणि हवा दिसते. हवा काळी, हाड पांढरं, बाकी सगळा करड्या रंगाचा गोंधळ. त्या गोंधळातून रोग शोधायचा.

स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. जठराच्या मागं, मणक्यांवर आडवा पडलेला. जेवण पचवणारे रस तो करतो. कधी पित्ताचा खडा वाटेत अडकल्यानं, कधी दारूनं हे रस जागच्या जागी सुटतात आणि तो अवयव स्वतःलाच खायला लागतो. पोटाच्या वरच्या भागात अशी कळ उठते की ती थेट पाठीत जाते. रोगी पुढं वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसतो. उताणा झोपूच शकत नाही. आणि गंमत अशी, की हे स्वादुपिंड साध्या एक्स-रेत दिसतच नाही.

मग ओळखायचं कसं? पुण्याला शिकत असताना आमचे एक म्हातारे सर होते. ते म्हणायचे, भांडणाचं घर दिसत नसेल तर शेजाऱ्यांची घरं बघा. स्वादुपिंडाला सूज आली की त्याच्या लगतचं आतडं घाबरून काम थांबवतं. त्यात हवा साठते. फोटोत बाकीचं पोट शांत आणि डावीकडे वर एकटाच आतड्याचा वेढा फुगलेला दिसतो. दुसरी गोष्ट, जठराला भोक पडलं असेल तर हवा बाहेर सुटते आणि रोग्याला उभं करून फोटो काढला की ती उजवीकडे छाती-पोटामधल्या पडद्याखाली, यकृताच्या वर काळ्या कोरीसारखी दिसते. भोक असेल तर पोट उघडावंच लागतं. स्वादुपिंड सुजलं असेल तर उघडू नये, उघडलं तर बहुधा रोगी हातचा जातो. दुखणं दोन्हींचं सारखंच. फरक त्या काळ्या कोरीचा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे छाती. सूज फार वाढली की डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी साचतं. फोटोत तिथला टोकदार कोपरा बोथट होतो. सर म्हणायचे, हा कोपरा बोथट झाला की रोग हाताबाहेर चालला असं समजा. हे तिसरं विसरू नका.

एकाहत्तर-बाहत्तरच्या गळीत हंगामात हौसा आली. पाथर्डी तालुक्यातली, तिसगावच्या पलीकडच्या एका गावची. त्या बाजूला दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. हौसाला वर्षाच्या आतली मुलगी होती, म्हणून ती सांभाळायला तिची आई गयाबाई सोबत आली होती. नवऱ्यानं बैलगाडीत घालून तिला दवाखान्याच्या दारात आणून सोडलं आणि परत गेला, कारण मुकादम त्याला फडातून हलू देत नव्हता. बायको मरायला टेकली तरी ऊस तुटलाच पाहिजे. तेव्हाही माझी तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण मुकादमाला विचारणारा मी कोण?

तर हौसा. वय बावीस-तेवीस. पोटावर बिब्ब्याचे चटके, म्हणजे घरचा उपाय करून झालेला. बाकड्यावर पुढं वाकून बसलेली आणि दर पाच मिनिटांनी उलटी. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, पोटाला हात लावला आणि निकाल दिला: भोक पडलंय, टेबल तयार करा. हात चांगला होता साहेबांचा, खोटं कशाला बोलू. पण चाकूची फार हौस. मला म्हणाले, उभा फोटो काढ, नुसता वरच्या निम्म्याचा, अख्खी फिल्म वाया घालवू नकोस. आमच्याकडे फिल्म निम्मी कापून वापरायची पद्धतच होती. मी त्या दिवशी ती मोडली. बाकीचं पोट शांत आहे का तेही दिसावं म्हणून अख्खं पोट घेतलं.

ओली फिल्म दिव्यासमोर धरली. उजवीकडे पडद्याखाली काहीच नाही. पुन्हा बघितलं. काळी कोर नाही. आणि डावीकडे वर, सरांनी फळ्यावर काढून दाखवला होता तस्साच, एकटा फुगलेला वेढा.

फोटोवाल्यानं फोटो काढायचा, वाचायचा नाही, हा आमच्या धंद्यातला कडक नियम. मी तो पाळत आलो होतो. पण टेबल तयार होत होतं. मी फिल्म घेऊन साहेबांकडे गेलो आणि एका दमात बोलून टाकलं, की हवा नाही, आणि हा वेढा बघा, स्वादुपिंडाचं दुखणं असेल तर उघडणं बरं नाही. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू खुर्ची बोलायला लागली. कोणी शिकवलं म्हणून विचारलं. मी सरांचं नाव सांगितलं. ते नाव त्यांना माहीत होतं, म्हणून वाचलो. फिल्म दोनदा फिरवून बघितली आणि सिस्टरला म्हणाले, टेबल राहू द्या, सलाईन लावा, नाकातून नळी घाला, तोंडानं काहीही नको. रक्ताची एक तपासणी असते या रोगाची, पण ती आमच्याकडे होत नव्हती. बाहेर पाठवली, तिचं उत्तर पुढं कधीतरी यायचं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे डॉक्टर आले होते. साहेब त्यांना हौसाची फिल्म दाखवून सांगत होते की मी बघताक्षणी ओळखलं. मी दारात उभा. हसू आलं मला, राग नाही आला. बाई वाचली ना, मग श्रेय कोणी का घेईना. तेवढा मोठेपणा तेव्हा होता माझ्यात, कारण बाई वाचली असं वाटत होतं.

गयाबाई वऱ्हांड्यात बसलेली असायची. मांडीवर नात. सिस्टरनं तिला सांगितलं होतं, पोरीच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. का, ते सांगितलं नव्हतं. साहेबांनीही सांगितलं नाही. मीही नाही. आम्हा कोणाला वाटलंच नाही की या बाईला कारण कळायला हवं. तिनं मला एकदा विचारलं होतं, ‘दोन दिस झालं, पोटात कन न्हाई तिच्या. आसं किती दिस?’ मी म्हणालो, डॉक्टर सांगतील. माझं काम होतं, मी गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसाला धाप लागली. साहेब सकाळीच नगरला कसल्याशा सत्काराला गेले होते, रात्री मुक्काम करणार होते. सिस्टरनं छातीचा फोटो लिहून पाठवला. हौसाला उभं राहता येईना. मग स्टुलावर बसवली आणि गयाबाईनं बाजूनं तिला धरलं. मी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली, माझी सवयच होती ती: दुपारी सव्वातीन. फिल्म धुतली, दिव्यासमोर धरली. डावा कोपरा बोथट. बोथट कसला, पार बुडालेला. पाणी वर चढत होतं.

मी धावत सिस्टरकडे गेलो. तिनं फिल्म बघितली आणि म्हणाली, साहेब आल्यावर दाखवू. मी म्हणालो, नगरला फोन लावा. ती म्हणाली, सत्कार चालू असेल, ओरडतील. मी लावला असता फोन. लावायला हवा होता. ऑफिसात जाऊन ट्रंक कॉल सांगायचा, एवढंच. पण परवा मी एकदा नियम मोडला होता, पुन्हा मोडला तर नोकरी जाईल असं मनात आलं. घरी बायको पोटुशी होती. फिल्म तारेवर वाळत घातली आणि घरी गेलो.

सकाळी आलो तर वॉर्डात गलका. हौसाची नाडी लागत नव्हती. आणि झाडलोट करणाऱ्या आयाबाईला खाटेखाली वाटी सापडली होती. भगरीची पेज. गयाबाईनं पहाटे दवाखान्यामागच्या चुलीवर शिजवून तिला चार चमचे पाजली होती. नळी नाकात होती तशीच. भगर उपासाला चालते, म्हणजे दुखऱ्या पोटालाही चालेल, हा तिचा हिशेब. त्या मुलखात आजाऱ्याला काही झेपत नसेल तर भगरीची पेजच देतात. लेकीनं चौथ्या दिवशी ‘आये, काहीतरी दे’ म्हटल्यावर कोणती आई देणार नाही?

साहेब नगरहून आले ते याच गलक्यात. गळ्यातला हार गाडीत राहिला असेल, कपाळावरचा टिळा तसाच होता. वाटी बघितली. हौसाकडे बघितलं. आणि सगळ्या वॉर्डासमोर गयाबाईला म्हणाले, ‘मी वाचवली होती. तू मारलीस तिला.’

गयाबाई वाटीकडे बघत राहिली. दुपारी हौसा गेली.

माझ्या खोलीत तारेवर ती फिल्म वाळलेली होती. कडक झाली होती. आदल्या दिवशी सव्वातीनची. वाटीच्या बारा-चौदा तास आधीची. त्या बाईला रोगानं आधीच गिळायला घेतलं होतं आणि त्याचा पुरावा माझ्या हातात होता. मी फिल्म घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी ती खिडकीशी धरली. बराच वेळ धरली. त्यांना दिसलं, मी शपथेवर सांगतो, त्यांना दिसलं. मग टेबलावर टाकली आणि म्हणाले, ‘तुला कोणी विचारलं? ही केसपेपरला लावू नकोस.’ केसपेपरवर त्यांनी लिहिलं होतं: नातेवाइकांनी अन्न दिल्याने. पाच मिनिटांत सगळं खापर त्या अडाणी बाईच्या डोक्यावर फुटलं. सत्कारही राहिला, टिळाही राहिला.

आणि मी? मी फिल्म पाकिटात घालून घरी नेली. बाहेर वऱ्हांड्यात गयाबाई नातीला मांडीवर घेऊन बैलगाडीची वाट बघत बसली होती. दोन तास बसली होती. मी तिच्या समोरून चहाला गेलो, चहाहून आलो. मावशी, तुम्ही नाही मारलं तिला, एवढे पाच शब्द बोलायला काय लागत होतं? मूग गिळून बसलो. साहेबांचा राग येतो असं मी लोकांना सांगत आलो, पण खरं सांगू, साहेबांवरचा राग कधीच जुना झाला. उरलाय तो या फोटोवाल्यावरचा.

परवा माझी नातसून, तीही डॉक्टर आहे, तिच्याशी विषय निघाला. ती म्हणाली, आजोबा, आता या रोगात लवकर खायला देतात, उपाशी ठेवणं फार लांबवत नाहीत. चार चमचे पेजेनं कोणी मरत नाही. मी उठून बाल्कनीत गेलो. तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये.

साहेब दोन वर्षांनी दवाखाना सोडून मोठ्या शहरात गेले. मग माझ्या अंगात धैर्य आलं. तेव्हाच आलं, हेही लिहून ठेवतो. रजा काढली, फिल्मचं पाकीट घेतलं, तिसगावला उतरलो आणि उन्हातून विचारत विचारत चालत गेलो. गयाबाईचं घर गावाच्या टोकाला. दारात ती तुरी पाखडत होती. सुपातून नजर वर केली, मला ओळखलं नाही. मग पाकीट बघितलं आणि ओळखलं.

मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो. सगळं सांगितलं, पाणी म्हणजे काय, कोपरा म्हणजे काय. फिल्म उन्हाकडे धरली आणि बोट लावून दाखवलं. तिनं फिल्म माझ्या हातातून घेतली. तिची नजर कोपऱ्यावर नव्हतीच. फिल्मच्या कडेला, हौसाच्या दंडापाशी एक जाड पांढरं कडं उमटलं होतं. तिनं स्वतःच्या मनगटातला चांदीचा गोठ बघितला, परत फिल्म बघितली.

‘ह्यो माजा हात हाय,’ ती म्हणाली. ‘ही म्या धरली हुती तवाचा फोटू.’

‘हो मावशी.’

‘म्हंजी भगरीच्या आदल्या दिसाचा.’

‘हो.’

घराच्या आतून अडीच-तीन वर्षांची पोर बाहेर आली आणि शेजारच्या दाराकडे गेली. तिथल्या बाईनं तिला मांडीवर घेतलं आणि ताटातला कालवलेला घास तिच्या तोंडात घातला. रोजचं असावं ते. गयाबाई तिकडं बघत होती.

‘दोन वरसं झाली,’ ती म्हणाली. ‘माज्या हातचा घास म्या तिच्या तोंडात न्हाई घातला. मला भ्या वाटतं.’

मी म्हणालो, आता भिऊ नका मावशी. खरं सांगायलाच मी आलोय.

तिनं फिल्म मांडीवर ठेवली. मग तिनं शांतपणे विचारलं, ‘तुमाला हे कवा दिसलं?’

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. ‘त्याच दिवशी,’ मी म्हणालो. ‘सव्वातीनला.’

तिनं फिल्म नीट पाकिटात घातली, पाकीट आत ठेवून आली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. मी तिथंच उभा. त्या मुलखात उन्हातून आलेल्या माणसाला, मग तो कोणीही असो, आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग काय काम ते विचारतात. रांजण दाराशीच होता, भरलेला. गयाबाई तुरी पाखडत राहिली. मी थोडा वेळ थांबलो आणि तसाच परत निघालो.